भागोजी सायकलवरून पडला

उंबरशेतात कुणाला गप्पा मारायला बसवायचं तर आधी तंबाखू पुढं करावी लागे. भागोजीला तीही लागत नसे. कुणी नुसतं "मग पुढं?" म्हटलं की झालं. पालीपासून आत, अंबा नदीच्या काठचं हे कुणब्यांचं गाव. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात भात लावायचं, दसरा झाला की कापायचं. गावची माणसं फार तर नागोठण्यापर्यंत गेलेली. भागोजी मात्र जर्मनच्या लढाईत मजूर पलटणीतून थेट फ्रान्सला जाऊन आला होता.

आला तेव्हा सगळे विचारायला जमले, "तोफ बघितलीस काय रं?"

"तोफ लांबनं ऐकली," भागोजी म्हणाला. "सायकल मात्र बसून बघितली."

झालं असं की पलटणीचं काम रानातली लाकडं तोडायचं. एक तळ खाली आगगाडीजवळ, दुसरा वर रानात, आणि मधे नदीचं लांबलचक खोरं. दोन्हीकडं चिठ्ठ्या पोचवायला साहेबाला माणूस हवा होता. "सायकल कुणाला येते?" म्हटल्यावर सगळे गप्प. भागोजीनं हात वर केला. येत कुठं होती! पण कुऱ्हाडीनं हाताला फोड आले होते, आणि सायकलीला कुऱ्हाड लागत नाही एवढं त्याला कळत होतं. ढोपरं सोलून घेतली, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, आणि शिकला.

मग काय सांगावं! तिथले डोंगर आपल्या सरसगडासारखे अंगावर येणारे नव्हेत. खळ्यात भाताच्या राशी ओताव्यात तसे गोल, मऊ, एकामागून एक. रस्ता त्यांच्यावरून चढायचा आणि पलीकडं उतरायचा. चढावर उठून उभं राहायचं, पायडल दाबायचं, छाती फुटेस्तोवर. माथ्यावर आलं की वारा तोंडावर यायचा आणि खाली नदी दिसायची, पोटुशी म्हैस चालावी तशी सावकाश जाणारी. तिच्या कडेनं सरळसोट झाडांची रांग. ऊन तिरपं झालं की त्या झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडायच्या, आणि सायकल त्यांच्यावरून ऊन-सावली, ऊन-सावली करत पळायची.

"आणि उतारावर, बाबांनो, पाय उचलून घ्यायचे! आपण काही करत न्हाय, तरी जातो!"

कुणब्याच्या जन्माला येऊन काही न करता काही मिळालं, असं कधी झालंय का? म्हणून लोकांना ही गोष्ट फार आवडायची. तिथं बायकाही सायकलीवर बसतात म्हटलं की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. त्याला कुणी सायकल्या म्हणे, कुणी फ्रान्सचा जावई.

भागोजीचं मात्र वेगळं होतं. परत आल्यावर त्याची दोन पोरं तापात गेली. जनी तेवढी राहिली. जमीन भावाभावांत वाटून गादीवाफ्याएवढी झाली. सकाळी नांगराच्या मागं चालताना तो खाली बघायचा ते चिखलाकडं नव्हे, त्या रस्त्याकडं. एकेक वळण त्याला पाठ होतं. पूल, पुलाजवळचं म्हातारीचं घर, मग चढ. मनातल्या मनात चढ संपला की इकडं नांगराचं एक तास बांधाला लागलेलं असायचं. हे एवढं होतं म्हणून तो जगत होता, असं म्हटलं तरी चालेल. जनीला तो सगळं सांगायचा, आणि ती सगळं खरं मानायची.

जनी लग्नाची झाली. सव्वीस-सत्तावीस साल असेल. नदीपलीकडच्या कळंबशेतच्या अंबाजीचा मुलगा सांगून आला. घर भरलेलं, पोरगा निर्व्यसनी. सुपारी फोडायला मंडळी आली, चहा झाला, आणि अंबाजीच म्हणाला, "व्याही, ती सायकलची गोष्ट होऊन जाऊ द्या. आमच्या गावापत्तोर तिचं नाव हाय."

आता भागोजीला एवढं म्हटल्यावर! खुलला गडी. चढ सांगितला, उतार सांगितला, ऊन-सावली सांगितली. आणि रंगात येऊन, आजवर बाहेर कुणाला न सांगितलेलं तेही सांगून बसला.

"एकदा पुलाजवळ चाकातला वारा गेला. तिथं एक म्हातारी ऱ्हायची. मला बघून आत गेली नि पंप घेऊन आली. लेकाचा पंप. लेक लढाईत मेलेला, भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला काळी फीत. मी चाक नीट करतोय तवर हिनं ताट मांडलं. पाव नि कालवण. व्याही, काय सांगू, आईच्या हातचं!"

"कालवण कशाचं?" अंबाजीनं विचारलं.

"आता कशाचं ते…" भागोजी हसला. "मी इचारलं न्हाय. ती रडत होती. रडणाऱ्या बाईला काय कालवण कशाचं म्हणून इचारायचं?"

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की आता आपण एकटेच हसतोय.

"पलटणीत रांधणारा आपल्यातला होता म्हणालावता," अंबाजी म्हणाला.

"पलटणीत व्हता. तिच्या घरात ती एकटीच."

अंबाजीनं समोरची सुपारी उचलून ताटाच्या कडेला ठेवली, फोडली नाही. पागोटं डोक्यावर ठेवलं आणि मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी गावकीतले थोरले, रावजीकाका, ओट्यावर येऊन बसले. माणूस प्रेमळ. कुणाचं मोडलेलं जोडण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता.

"प्राचित घेतो, काका," भागोजी म्हणाला. "डोकं भादरतो, जेवण घालतो."

"येडा हायस. प्राचित घेतलंस म्हंजी खाल्लंस हे ठरलं. मग जनी जलमभर बाटग्याची पोर. त्यापरीस असं कर. खाल्लंच न्हाय म्हण."

"पण ती म्हातारी व्हती, काका."

"नव्हती म्हण."

"आणि सायकल?"

"सायकल व्हती म्हटलं की रस्ता आला. रस्ता आला की पूल आला, नि पूल आला की म्हातारी आलीच. मुळापासनंच उपट की! गप्पा मारल्या म्हण. गप्पा मारल्यानं कुणाची जात जात न्हाय."

भागोजीनं घरात बघितलं. त्याची बायको आवडाबाई जात्यावर बसली होती. जातं न थांबवता ती म्हणाली, "ती गोरी म्हातारी तुमाला जेवू घालून मोकळी झाली. माझी दोन गेली. ही एक हाय. हिला मी ओट्यावर बसवून म्हातारी करू व्हय?"

भागोजीनं रावजीकाकांकडं बघून मान डोलावली.

देवीच्या देवळात दोन्ही गावची मंडळी जमली. भागोजीनं ओल्या पंचानं शपथेचा बेलभंडारा उचलला आणि म्हणाला, "मी पलटणीत लाकडं तोडली. सायकलवर जल्मात बसलो न्हाय. कुणाच्या घरात जेवलो न्हाय. बाकीच्या समद्या गप्पा."

"आरं, मग आम्हाला इतकी वर्सं येडं बनवलंस!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं देऊळ हसलं. अंबाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. तिथल्या तिथं सुपारी फुटली. महिन्याभरात जनी नांदायला गेली.

लोकांनी त्याला नवं नाव दिलं, गप्पीदास. आणि गंमत बघा, आता त्यांना गोष्ट जास्तच हवी असायची. "सांग की रं, खोटी तर खोटी!" भागोजी मान हलवायचा. लोकांना वाटलं, लाजला. तसं नव्हतं. पहिल्याच पेरणीला त्यानं नांगर धरला आणि सवयीनं रस्त्याला लागला. पुलापाशी आला तर घराचं दार बंद. मनातलंच दार, पण उघडेना. देवीसमोर ज्या हातानं भंडारा उचलला तोच हात हँडलावर. म्हातारीच्या लेकाला जर्मनानं मारलं, आणि तिला आपण, असं त्याच्या मनानं घेतलं. पुढं पुढं तर चढही येईना. पुढं बैलांच्या शेपट्या आणि खाली चिखल, एवढंच उरलं. माणसं म्हणत, भागोजी म्हातारा झाला. वय काही म्हातारं व्हायचं नव्हतं.

असं करत आठ-नऊ वर्षं गेली. जनीला उशिरा मूल झालं. बाळाला देवी काढायच्या म्हणून भागोजी कळंबशेताला गेला होता. दर साली देवी टोचणारा तट्टावरून यायचा, त्या साली तो सायकलवरून आला. गावात पहिल्यांदा सायकल! पोरंसोरं, बायका, सगळं गाव अंबाजीच्या खळ्यात लोटलं.

भागोजी मागच्या दारी बसून राहिला. जनी बाळाला घेऊन त्याच्याजवळ आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "बाबा, आता तरी खरं सांगा. तुमी बसला व्हता ना?"

भागोजीचं तोंड उघडलं. तेवढ्यात पुढून अंबाजीची हाक आली, "आमचे व्याही कुठायत? आणा त्यांना! त्यांनी फ्रान्सचे डोंगर पालथे घातलेत!"

हसत-खिदळत चार जणांनी त्याला उचलूनच आणलं. टोचणारा म्हणत होता, "अहो, पाडाल माझी गाडी!" पण ऐकतो कोण? धोतर खोचून भागोजीला वर बसवलं आणि दिला ढकलून.

मनाला विसर पडला तरी पायाला पडत नाही. पाय बरोबर पायडलावर गेला. पाठ वाकली, चाक सरळ झालं. खळं ओलांडून सायकल पुढं निघाली, आणि पुढं नदीकडं जाणारा लांब उतार. भागोजीनं पाय उचलून घेतले. वारा तोंडावर आला.

आणि त्याला ऐकू आलं की मागचं हसणं थांबलंय.

एकदम थांबलं होतं. त्या शांततेत अंबाजी उभा होता, रावजीकाकांसारखे थोरले उभे होते, आणि बाळाला कडेवर घेऊन जनी उभी होती. तिच्या सासरी. भागोजीनं हँडल गर्रकन फिरवलं आणि सायकल निवडुंगाच्या कुपणात घातली.

मग जो हशा झाला म्हणता! अंबाजीनं तर पोट धरून बसकणच मारली. "गेले! फ्रान्सचे जावई गेले!" टोचणारा कपाळावर हात मारून चाकाचं काय झालं ते बघत होता.

जनी धावत आली. बापाच्या दंडातले काटे काढायला लागली, आणि काढता काढता तिलाही हसू फुटलं. आधी दाबलं, मग आवरेना. डोळ्यांना पाणी आलं तिच्या हसून हसून.

"मला वाटायचं, बाबा…"

"काय?"

"काय न्हाय." तिनं बाळाला त्याच्या तोंडासमोर धरलं. "बघ रं, आजा तुझा. पक्का गप्पीदास!"

भागोजीनं हात पुढं करून दुसरा दंड तिच्याकडं दिला. त्यात काटे जास्त होते. "सावकाश काढ," म्हणाला, आणि सगळे हसत होते तसा तोही हसू लागला.