आमेनच्या आत

मास्तरांचा हात किती जड होता हे माझ्या दादाइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या एका थपडेने दादाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, तो कायमचा. त्याच माणसाबद्दल मी प्रेमाने लिहायला बसले आहे हे आईला कळलं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. मी मास्तरांच्या शेजारी बसून सोळा वर्षं कीबोर्ड वाजवला आहे, आणि त्यांच्याइतका रागही मला आजवर दुसऱ्या कुणाचा आलेला नाही.

आमचं चर्च नाशिकरोडच्या बाजूला आहे. दीडशे माणसं आली की भरून जातं. मास्तर तिथे एका उपासनेत चार वाद्यं वाजवत. जुन्या चालींच्या गीतांना पेटी, भजनाला ढोलकी, अर्पणाच्या वेळी मेंडोलिन आणि तरुणांच्या गाण्यांना ड्रम. बाहेरगावचे पाहुणे तोंडात बोट घालत. एकदा मालेगावहून आलेले एक वडीलधारे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "एका माणसाला देवाने चार-चार देणग्या दिल्या." मास्तर पेटीचा भाता बंद करत म्हणाले, "देवानं एकच दिलती. बाकी तीन मी मारून घेतल्या." पाहुणे हसले. आम्ही कुणी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

मास्तर मंडळीत आले ते ढोलकी घेऊन. तेव्हा पेटीवर एक निवृत्त शाळाशिक्षक होते. सरावात बोटं पेटीवर आणि तोंड शेजाऱ्याशी, अशी त्यांची सवय. मास्तरांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा झाकण धाडकन त्यांच्या बोटांवर आपटलं. दोन नखं काळी पडली आणि पेटी मास्तरांकडे आली. मेंडोलिनवाले रेल्वेत कारकून होते. त्यांना प्रार्थना चालू असताना तारा जुळवायची खोड होती. मास्तरांनी एका रविवारी उपासना संपेपर्यंत दम धरला आणि मग मागच्या अंगणात तेच मेंडोलिन त्यांच्या पाठीत घातलं. मान तुटली, मेंडोलिनची. पुढचे पंधरा दिवस मास्तर ते मांडीवर घेऊन सरस लावत, दोऱ्याने आवळत, फुंकर घालत बसलेले मी पाहिले आहेत. मेंडोलिन पुन्हा बोलायला लागलं. कारकूनबुवा मात्र दुसऱ्या चर्चला जाऊ लागले.

मास्तर मूळचे घोटीचे. पोरवयातच एका लग्नाच्या बँडात शिरले. "माझ्या उस्तादानं मला क्लॅरनेट दाखवून नाय शिकवलं, क्लॅरनेटनं शिकवलं," असं म्हणून ते डोक्यावरची खोक दाखवत. मार खाल्ल्याशिवाय सूर बसत नाही हे त्यांच्या मनात त्या वयात जे बसलं ते निघालं नाही. लग्न झाल्यावर काकूंवरही त्यांनी एकदा हात उचलला. काकू निफाडच्या. त्यांनी भांडण केलं नाही, दुपारची एसटी धरली आणि माहेरी जाऊन बसल्या. तीन महिन्यांनी मास्तर आणायला गेले तेव्हा काकूंनी ओसरीवरूनच अट घातली, "हात खाजला तर चर्चात जाऊन ढोलकी बडवा. मला पुन्हा हात लावलात तर मी एकटी जाणार नाय, भाऊ घेऊन येईन." मास्तरांनी ती अट शेवटपर्यंत पाळली. ढोलकीची पानं मात्र वर्षातून तीनदा फाटत.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका नाताळच्या सरावात मी स्वर चुकवला म्हणून गीतांचं जाड पुस्तक फेकून मारलं, ते माझ्या खांद्याला लागलं. मी म्युझिक स्टँड उचलला आणि त्यांच्या पायावर फेकला. लोखंडी होता. ते एका पायावर उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. ते म्हणाले, "परत त्याच कडव्यापासून." त्या दिवसापर्यंत मी 'पोरी' होते, पुढच्या रविवारपासून 'बाई' झाले.

त्यांची खरी करामत दिसायची ती डोळे उघडे ठेवणाऱ्याला. चार वाद्यं पुढच्या छोट्या चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत मांडलेली. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर मंडळीसमोर धावपळ दिसणार, आणि उपासनेत कसली धावपळ? म्हणून मास्तर प्रार्थनेत जागा बदलत. सगळ्यांचे डोळे मिटले की ते उठत. चपला दाराशीच काढलेल्या, पायात मोजे, पावलाचा आवाज नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना त्यांना पाठ होती. आधी आजारी माणसं, मग परीक्षेला बसलेली मुलं, मग निफाडकडच्या द्राक्षबागा गारपिटीपासून राखण्याबद्दल, मग सरकारला सुबुद्धी. "द्राक्षं आली की उठायचं, सरकार आलं की बसलेलं पायजे," हा त्यांचा नियम. आमेन झालं, लोकांनी डोळे उघडले, की मास्तर पलीकडच्या वाद्यावर काठ्या उचलून तयार. नवख्यांना खरंच चमत्कार वाटायचा. मी सोळा वर्षांत एकही प्रार्थना डोळे मिटून केली नाही, ते या मोज्यांपायी.

आता दादाचं सांगते. दादा ड्रम वाजवायचा आणि झकास वाजवायचा. ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला सराव होता. तिसऱ्या कडव्याला दादाची लय पळायला लागली. मास्तर पेटीवरून ओरडले, "धर." दादाने धरली, पुन्हा सुटली. मास्तर पुन्हा ओरडले. तिसऱ्या वेळी ते ओरडले नाहीत. पेटीवरून उठून दोन ढांगांत ड्रमपाशी पोचले आणि पूर्ण ताकदीने दादाच्या कानशिलात ठेवून दिली. स्टुलावरून दादा झांजेवर कोसळला. झांज वाजत राहिली, ती थांबवायलाही कुणी पुढे झालं नाही. दादा उठला. कानातून रक्त येऊन समोरच्या ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर पडत होतं. त्याने दोन्ही काठ्या त्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि निघून गेला.

डॉक्टरांनी पडदा शिवून पाहिला, ऐकू काही आलं नाही. बाबा चौकीत जायला निघाले होते, दादाने अडवलं. कमिटीने मास्तरांना बोलावून सांगितलं की यापुढे कुणावर बोट जरी उचललंत तर चर्चचं दार बंद. मास्तर मान खाली घालून उभे होते. त्यानंतर त्यांनी खरोखर कुणाला हात लावला नाही. पण लावायला उरलं होतं कोण? मी एकटी. घरात रोज भांडण, की तू त्या माणसाशेजारी बसतेसच कशी? मी का बसले? आईला एक सांगितलं, बाबांना दुसरं. खरं असं, की त्या दिवसानंतर मास्तर इतकं सुंदर वाजवायला लागले की मला उठवेना. याची मला आजही लाज वाटते. दादा सातपूरच्या एका कारखान्यात लागला. तो चर्चला येईनासा झाला.

अशी दहा वर्षं गेली. एकदा माझं मनगट मुरगळलं म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. लोक तुकडी तुकडीने पुढे जाऊन गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेतात, तोवर संगीत चालू असतं. पहिल्या तुकडीला मास्तरांनी पेटी वाजवली, दुसरीला मेंडोलिन, तिसरीला हलक्या हाताने ढोलकी, पुन्हा पेटी. शेवटच्या तुकडीत वाजवणारे जातात. मला ते दर वेळी म्हणत, "बाई, तू जा, मी धरतो." मी जात असे. त्या दिवशी मागून बघताना लक्षात आलं, की मास्तर स्वतः कधी जातच नाहीत. वाद्यं बदलत बदलत ते सगळं प्रभुभोजन काढतात, आणि लोकांना वाटतं, काय हा सेवेचा माणूस!

उपासनेनंतर मी त्यांना गाठलं. "मास्तर, तुम्ही कधी घेता?"

ते मोजे काढून चपला घालत होते. म्हणाले, "भावाशी बिघडलेलं आसंल तर प्रभूच्या मेजापाशी जायचं नसतं. संडेस्कूलला शिकवलं नाय का तुला?"

"म्हणजे दहा वर्षं?"

"त्या ईस्टरपासून साडेदहा."

"मग दादाला जाऊन भेटा की. माफी मागा."

"गेलतो. तीनदा. कारखान्याच्या गेटापर्यंत. तो सुटला की डावीकडून कुणी हाक मारली तर त्याला कळतच नाय, बाई. मी डावीकडं उभा होतो. हाक मारली. तो निघून गेला." दुसरी चप्पल चढवत म्हणाले, "आन माफी काय बोलून मागायची? त्याचा कान गेला. माझं काय गेलं?"

मी हे घरी सांगितलं. दादा जेवत होता. म्हणाला, "भाजी वाढ." बस.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. तीन नळ्या बंद निघाल्या, ऑपरेशनचा दिवस ठरला, मंगळवार. त्याच्या आधीचा रविवार महिन्यातला पहिला होता. काकू आमच्या घरी आल्या. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. काकू दारातच उभ्या राहून दादाला म्हणाल्या, "सुबोध, मी त्यांची बाजू घेत नाय. मी पण त्यांचा हात खाल्लाय. पण मंगळवारी काय बरंवाईट झालं, तर माणूस मेजावाचून जाईल. एवढंच सांगायला आले." दादाने त्यांच्याकडे उजवा कान केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग? माझा कान शिवून देणार का ते?" काकू गेल्या.

त्या रविवारी मास्तरांनी सुरुवातीची दोन गीतं पेटीवर घेतली. चेहरा पांढरा पडला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आजाऱ्यांच्या यादीत मास्तरांचं नाव आलं, मग परीक्षेची मुलं, मग द्राक्षबागा. मास्तर मोज्यांवर उठले आणि ड्रमकडे निघाले. माझे डोळे नेहमीसारखे उघडे. स्टुलावर दादा बसला होता. बाजूच्या दाराने तो कधी आत आला ते मलाही दिसलं नव्हतं.

मास्तर त्याच्यासमोर थांबले. दीडशे माणसं डोळे मिटून बसलेली. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मान थोडी वळवली आणि डावी बाजू पुढे केली. हळूच म्हणाले, "मार."

दादा उठला. मला वाटलं, हा आता त्यांना मिठी मारणार. माझं हे असं भाबडं आहे. दादाने त्यांच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की आवाज वरच्या पत्र्यापर्यंत गेला. मास्तर दोन पावलं मागे भेलकांडले, पेटीला धडकले, ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं. सगळ्यांनी खाडकन डोळे उघडले. पाळकसाहेब सरकारच्या सुबुद्धीपर्यंत आले होते. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि म्हणाले, "आमेन."

दादाने काठ्या उचलल्या. "जा आता, मास्तर," तो म्हणाला, "मी धरतो."

मास्तर पहिल्याच तुकडीत गेले. मोज्यांवरच. लोक बाजूला सरकले. ते गुडघे टेकून बसले तेव्हा त्यांची पाठ हुंदक्यांनी हलताना मला कीबोर्डवरून दिसत होती, आणि मी दोन स्वर चुकवले. कुणी पुस्तक फेकलं नाही. परत येऊन ते माझ्या शेजारी टेकले आणि रुमाल ओठावर दाबत म्हणाले, "द्राक्षरस लय झोंबला, बाई." मग बराच वेळ दादाच्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्यानं गालावर मारलं बघ. कान वाचवला. मी नव्हता वाचवला."

मारून समेट होतो असं मी कुणाला शिकवणार नाही. माझ्या मुलांना तर नाहीच. दादाला मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "मी माफ करायला गेलोच नव्हतो. अकरा वर्षांत ड्रमची काय दशा केली ते बघायला गेलो होतो."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सगळी वाद्यं बंद केली, म्हणून मास्तर पहिल्या बाकावर बसून बाक बडवत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी उठून मेजापाशी जात, पाळकसाहेबांचं बोलणंही संपलेलं नसे. गेल्या पावसाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी मेंडोलिन मला दिलं. त्याच्या मानेवर अजून तो दोरा आहे.

आता प्रार्थनेत मी उठते, मोज्यांवर, कीबोर्डवरून मेंडोलिनकडे. द्राक्षं आली की उठायचं. दादा ड्रमवर असतो. समेट झाला म्हणून कान काही परत आला नाही. डाव्या बाजूची झांज त्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे तो ती नको इतक्या जोराने मारतो. पुढच्या बाकावरची मुलं कानात बोटं घालतात. कमिटीने मला दोनदा सांगितलं, भावाला जरा हळू वाजवायला सांगा. मी हो म्हणते आणि सांगत नाही.