डाव्या हाताची शेव

धरणगावच्या जिनिंग कारखान्यात नाना कापूस पारखतात आणि शेजारी बसून मी पावत्या लिहितो. चार वाजले की त्यांचा शेव-मुरमुऱ्यांचा डबा उघडतो. खातात मात्र डाव्या हाताने, कारण उजव्याला तेल लागलं तर धाग्याचा अंदाज चुकतो.

"नाना, दुपारी पोटभर जेवलात की. मग भूक कसली?"

"भूक नही रे भाऊ. डोया थकी जातस."

डोळे थकल्यावर तोंड कशाला चालवायचं, हे मला कळेना.

परवा शेवटच्या गाडीतला कापूस त्यांनी पिवळसर ठरवला. मी तसं लिहिलं. पिवळसर म्हणजे शेतकऱ्याला भाव कमी. नानांनी दोन बकाणे भरले, गाडीत पुन्हा हात घातला आणि म्हणाले, "खोडी टाक. पांढराच शे." मी पावतीवरचं 'पिवळसर' खोडलं.

आता चारला डबा उघडायचा राहिला, तर मीच तो नानांकडे सरकवतो. त्यांच्या डाव्या बाजूने.