दगडी पाला आणि शहाण्णव खळगे

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क तपासत होते. काम म्हणजे निव्वळ चाळण. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटला शहाण्णव खळगे. प्रत्येकात पू करणारे जंतू आणि वेगवेगळ्या पाल्याच्या अर्काचा थेंब. दुसऱ्या दिवशी जंतू वाढून खळगा गढूळ दिसला तर पाला निकामी, नितळ दिसला तर दखल घ्यायची. परदेशात म्हणे हे काम यंत्रं करतात. आमच्याकडे यंत्र म्हणजे थेंब सोडायचा दट्ट्या दाबणारा माझा अंगठा, आणि तो संध्याकाळपर्यंत सुजून टम्म व्हायचा.

भंडारदऱ्याकडून पोत्यांनी पाला यायचा. त्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली एक पुडीची बाटली घुसवली. नेवाशाकडच्या एका सरकारी दवाखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. तिथे कंपाउंडर होते. बांधावरचा दगडी पाला वाळवायचा, कुटायचा आणि जखमेवर लावायचा, हा त्यांचा जन्मभराचा उपाय. डॉक्टर हसायचे, ते अण्णांना फार लागायचं.

"एकदा तुज्या त्या खळग्यांत घालून बघ," ते म्हणाले. "मग मी डोळे मिटाया मोकळा."

"भलतंसलतं बोलू नका," असं म्हणत मी बाटलीवर नंबर टाकला.

महिनाभर सगळं गढूळ. आणि एका सकाळी एकच खळगा नितळ! वही उघडली तर अण्णांचा नंबर. खरं तर पुन्हा लावून बघितल्याशिवाय ब्र काढायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गावच्या किराणा दुकानात फोन केला. अण्णांनी तिथे होते नव्हते तेवढ्या सगळ्यांना चहा पाजला.

फेरतपासणीला ताजा पाला हवा होता. इस्त्रीचा सदरा घालून अण्णा पिशवीभर पाला घेऊन एसटीने आले आणि माझ्याकडेच राहिले. मी पाला वाळवला, कुटला, अर्क काढला. खळगे गढूळ. पुन्हा लावला, पुन्हा गढूळ. मला वाटलं, मीच कुठेतरी माती खाल्ली, नंबर अदलाबदल केले. चडफडत बाटलीतली जुनी पूड परत लावली, तर ती नितळच!

अण्णांना प्रयोगशाळेत बोलावलं. "या बाटलीत पाल्याशिवाय काय होतं?"

"काय असनार? पालाच." मग म्हणाले, "आन् चिमूटभर सल्फा. पाला बुरसत न्हाई मग. दवाखान्यात पन टाकायचोच की."

सल्फा म्हणजे जखमेवर भुरभुरायची ती पांढरी पावडर, जंतू मारणारी. मी कपाळावर हात मारला. वाटलं, सरळ खोटं बोलावं. म्हाताऱ्या माणसाचा एवढा एक अभिमान, तो ठेवून माझं काय जाणार होतं? गुण पाल्याचा की पावडरीचा हे खळग्याला कळत नाही, पण मला कळत होतं. मात्र त्यांनी माझा चेहरा आधीच वाचला होता.

"म्हंजी गुन पावडरीचा?"

"हो अण्णा. पाल्याचा नाही निघाला." मला रडूच फुटलं. "पण माणसं बरी झाली ना? मग झालं तर!"

ते स्टुलावर बसले. मला वाटलं, गावात हसं होईल म्हणून बाप खचला. स्वतःच्या उतावळेपणाची चीड आली.

"दुकानात मी सांगते सगळ्यांना," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"त्ये न्हाई गं," ते म्हणाले. "सल्फाचा पुरवठा लई येळा थांबायचा. दोन-दोन म्हैने. तवा मी नुसता पालाच द्यायचो."

"मग?"

"मग काय. काही लोक पुन्यांदा यायचेच न्हाईत. मी समजायचो, बरे झाले."