तांदळातली बेगमी

विनायक गेल्याचा फोन गुरुवारी सकाळी आला. त्याच्या मुलीचा, मुग्धाचा. "काका, बाबा झोपेतच गेले," एवढंच ती म्हणाली. मला आठवला तो आदल्या रविवारचा त्याचा फोन. "येतोस ना? बेगमी करायची आहे." मी म्हटलं होतं, आज कंटाळा आलाय, पुढच्या रविवारी येतो... त्याला आता सहा आठवडे झाले.

बेगमी म्हणजे कॉम्प्युटरचा बॅकअप. शब्द त्याचा. नाशिकच्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं शिकवलं, तो भूगोल आणि मी गणित. पण त्याचं लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. तिथे पावसाळ्याआधी चार महिन्यांचं धान्य, सरपण, मीठ घरात भरून ठेवावं लागे. काडेपेट्या सादळू नयेत म्हणून त्याची आई त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, हे त्याने मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. निवृत्त झाल्यावर त्याने भली मोठी हार्ड डिस्क आणली आणि दर रविवारी अकराला बेगमी सुरू झाली. मी पोचेपर्यंत डिस्क जोडलेली असायची. मी शेजारी चहा पीत बसायचो, कारण मला त्यातलं जरा जास्त कळतं असा आमचा दोघांचाही समज होता.

वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. तो फाइल कॉपी करत नसे, कट करून डिस्कवर टाकायचा. "विन्या, अरे दोन ठिकाणी राहावं म्हणून तर बॅकअप घेतात!"

"माळ्यावर चढवलेला तांदूळ दुकानात पण राहतो का रे? मला गणित शिकवू नकोस."

मी कपाळाला हात लावायचो. माणूस हट्टी होता. आता तो गेला म्हणून नव्हता असं लिहिण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, शैलावहिनींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आधीचे आठ दिवस विनायक माइक घेऊन स्वयंपाकघरात त्यांच्या मागे मागे फिरला. पुढे वहिनी वहीत लिहून बोलू लागल्या. ते रेकॉर्डिंग मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही. तो विषय काढला की मान फिरवायच्या.

तेरावं झाल्यावर मुग्धाने मला बोलावलं. कॉम्प्युटर उघडला तर आत ना फोटो, ना रेकॉर्डिंग. डिस्क टेबलात नाही, कपाटात नाही. वहिनींनी वही माझ्यापुढे सरकवली. "भाऊजी, माझा आवाज कुठाय?"

मला विनायकचा संताप आला, आणि स्वतःचाही. इतक्या रविवारी गेलो, पण डिस्क तो कुठून काढतो हे कधी विचारलं नव्हतं. मग काडेपेट्या आठवल्या.

"मुग्धा, माळ्यावर तांदळाचा डबा आहे?"

"एक जुना आहे, बाबांचा. आम्ही त्यातलं काही वापरत नाही."

शिडी लावून मीच चढलो. तांदळात कोपरापर्यंत हात घातला. डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत.

रेकॉर्डिंग लावलं. कढईचा आवाज, मग वहिनींचा. "अहो, चालू झालं का ते? काय बोलू आता?" आणि जवळून विनायक म्हणाला, "काहीही बोल. बेगमी आहे."

मुग्धा रडायला लागली. वहिनींनी वहीत लिहिलं, "परत लावा." मी पहिल्यापासून लावायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला आणि खाली आणखी लिहिलं. "माझं नको. ह्यांचं."

मला त्याची फार आठवण येते. डिस्कच्या मी दोन प्रती केल्या आहेत, कट न करता. मूळ डिस्क पुन्हा तांदळातच ठेवली आहे. रविवारी अकराला जातो, शिडी लावतो आणि वहिनींना तेवढं एक वाक्य ऐकवतो.