विहिरीत सोडलेलं नाव

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींची थट्टा करणाऱ्यांपैकी आहे. हॉस्टेलवर कोणी भुताची गोष्ट काढली की मी सॅम्पल साइज विचारायचे, आणि मैत्रिणी उशी फेकून मारायच्या. मांजर आडवं गेलं तर त्याला पलीकडे काहीतरी काम असेल, एवढंच माझं मत. तेव्हा हे वाचून हसावंसं वाटलं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी करते. नातेवाईक "झालं का?" विचारायचं सोडून "अजून चालूच आहे का?" विचारायला लागतात, त्या टप्प्यावर. लोकांना वाटतं पीएचडी म्हणजे मोठे शोध. प्रत्यक्षात दिवसभर सोल्डरिंग करायचं आणि मग गाइडच्या मेलला घाबरायचं. माझं काम विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर आहे. कठड्यावर एक डबी, तिच्यात बॅटरी आणि सिमकार्ड. डबीतून एक जाड वायर खाली सोडलेली, टोकाला सेन्सर, तो पाण्यात. मापं आपोआप माझ्या लॅपटॉपवर येतात.

आमच्या लॅबमध्ये यंत्रांना नंबर देत नाहीत, नावं देतात. पूर्वी एका सिनिअरकडून नंबरांची अदलाबदल झाली आणि त्याचा सगळा डेटा वाया गेला, तेव्हापासून गाइडचा हा नियम. कोणी मिठायांची नावं देतं, कोणी नट्यांची. मी माझ्या यंत्राला 'बाबा' नाव दिलं, कारण विहीर बाबांनीच मिळवून दिली होती. बाबा चिखलीला निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याच शाळेत शिकवणारे रहीमचाचा आता देऊळघाटला शेती बघतात. विहीर त्यांची. नावाचं कळल्यावर बाबा इतके खूश झाले की गल्लीत सगळ्यांना सांगून आले.

दिवाळीनंतर यंत्र बसवलं. चाचांचा मुलगा अन्वर वायर सोडत होता आणि मी लॅपटॉपवर बघून ओरडत होते – "बाबाला अजून खाली सोड... हां, बाबा पाण्याला लागला!" चाची शेजारी मिरच्या वाळत घालत होत्या. त्या उठून आल्या आणि हळूच विचारलं, बाबा कोण? मी हसत हसत सगळं सांगितलं. त्या काही हसल्या नाहीत.

"बेटा, आमच्या इथं गाळ काढाले मानूस विहिरीत उतरला, का तो वर येईस्तोवर त्याले नावानं हाक मारत नाहीत. तू तं नावच सोडलं खाली."

का मारत नाहीत, ते त्यांना माहीत नव्हतं. चाचांनाही नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं, एवढंच. मी मान डोलावली आणि स्क्रू आवळायला लागले.

संक्रांतीला घरी गेले होते. दुपारची वेळ, बाबा ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचत होते. ही त्यांची जुनी सवय, ऐकणारं कोणी नसलं तरी चालतं. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा. स्क्रीनवर लाल ओळ आली – 'बाबा ऑफलाइन'. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही ऑफलाइन झालात." उत्तर नाही. वाचणंही थांबलं होतं.

वर बघितलं तर बाबा पेपर धरून तसेच बसलेले. डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही. हात लावला तर थंडगार. आईने हलवलं, मी ओरडले, काही उपयोग नाही. तेवढ्यात अन्वरचा फोन आला. डबीवरचा दिवा गेलाय, बॅटरीची वायर सुटलेली दिसते, लावू का? मी रडत काय बोलले ते मला आठवत नाही. त्याने वायर लावली. स्क्रीनवरची ओळ हिरवी झाली, आणि बाबा पुढे वाचायला लागले. जिथे थांबले होते, त्याच वाक्याच्या मधल्या शब्दापासून.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. बाबा म्हणाले, डोळा लागला असेल.

एकदा झालं तर योगायोग, हे मी ज्युनिअर्सना शिकवते. खात्री करायची तर प्रयोग पुन्हा करायचा. मुद्दाम यंत्र बंद करायचं, घरी आईला लक्ष ठेवायला सांगायचं, पुन्हा चालू करायचं. कसं करायचं ते मला अगदी नीट माहीत आहे. पण कंट्रोल म्हणून दुसरा बाप कुठून आणू?

म्हणून ठरवलं, यंत्र चालू ठेवूनच वर काढायचं, कोणी नाव न घेता. पुढच्याच आठवड्यात देऊळघाट गाठलं. पाणी स्वच्छ होतं, सेन्सर मोकळा लटकलेला वरून दिसत होता. अन्वरने वायर थोडी ओढली आणि ती ताठ झाली. चाचांनीही हात लावला. वायर वर येईना. उलट दोघांच्या मुठीतून ती खाली सरकायला लागली. खाली सेन्सर तसाच मोकळा दिसत होता. माझा फोन वाजला. आई होती.

"तुहे बाबा दाराची चौकट धरून उभे हायेत वं. म्हनतात, खालून कोनीतरी ओढून राह्यलं मले."

मी म्हटलं, सोडा. दोघांनी हात काढले तशी वायर सैल पडली. फोनमधून मागे बाबांचा आवाज आला, ते चहा मागत होते. चाचांनी खांद्यावरच्या रुमालाने हात पुसले आणि विहिरीकडे न बघता घराकडे निघाले.

वायर सुटू शकते. म्हाताऱ्या माणसाला गुंगी येऊ शकते. वायर कपारीत अडकू शकते. प्रत्येकाचं स्पष्टीकरण मी वेगवेगळं लिहून देईन. सगळ्याचं मिळून एक द्या म्हणाल तर माझ्याकडे नाही. यंत्राचं नाव बदलणं एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ लिहायला हात धजत नाही. जुनं नाव पुसलं आणि... नकोच. गाइड म्हणाले डेटा पुरेसा आहे, साइट बंद कर आणि थिसिस लिहायला बस. मी म्हटलं, अजून एक सीझन हवा. माझी चिकाटी बघून त्यांना बरं वाटलं.

आता चैत्र संपलाय. चाचांची विहीर दर वैशाखात कोरडी पडते. या वर्षी ती खोल करायचं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. जानेवारीपासून ते त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. परवा अन्वरनेच भीतभीत फोन केला, "ताई, पानी तळाले लागलं. ते वायर आता काढा लागन." मी म्हटलं, थोडं थांब. किती थांब, ते मला सांगता आलं नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. आपल्या नावाचं यंत्र आहे, एवढ्यावरच त्यांचा अभिमान अजून टिकून आहे. रोज संध्याकाळी फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला – "काय वं, माह्यी पातळी किती हाये आज?"

मी स्क्रीनकडे बघते आणि सांगते. गेल्या काही दिवसांपासून आकडा थोडा वाढवून सांगते.