बारीक गाळ

धरणाचा गाळ मोजायला माणसं आली होती. त्यांच्यातल्या इंजिनीयर पोरीनं मला कॉम्प्युटरवर आमचं धरण दाखवलं. वर निळं पाणी, खाली तपकिरी थर. पुढं कुठवर चढतील, तेही दिसत होतं.

"आजोबा, जड वाळू आधी बसते. बारीक गाळ हलका, तो पार भिंतीपर्यंत जातो."

मी विचारलं, "आणि राख?"

ती हसली. "चुलीतली?"

"बायकोची. सावडली आणि इथंच सोडली."

पोरीनं कॉम्प्युटरवरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. मग खरं तेच बोलली, "भिंतीपाशी जाऊन बसली असेल. नाहीतर दरवाजे उघडले की खाली निघून जाईल."

तेव्हापासून मनात भीती बसलीय. राख वाहत्या पाण्यात सोडली की माणूस मोकळं होतं म्हणतात. मी याला जन्मभर नदीच म्हणत आलो. पण हे पाणी तर अडवलेलं. दर पावसाळ्यात तिच्यावर एक थर चढणार, आणि ती दिवा मालवला तरी घाबरणारी बाई. वाहून गेली तर सुटेल. पण माहेरालासुद्धा ती कधी एकटी गेली नाही. आणि मग मी कुठल्या पाण्याकडं बघत बसायचं?

काल दरवाजे उघडायचा भोंगा वाजला. मी काठावर धावलो. जा म्हणावं की थांब म्हणावं, कळेना. शेवटी पाण्याकडं तोंड करून ओरडलो, "अगं, खाली चिखल आहे. पाय जपून टाक."