कुंदाचा गुडघा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याच्याच सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे — म्हणून तर नाहीच.

कुंदा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आर्वीकडच्या त्या गावात आले तेव्हा ती अकरावीत होती. पुढे किराणा दुकान, मागे घर. सासूबाई कामापुरतं बोलत, नवरा दिवसभर दुकानात. आणि कुंदा? मला पाहिलं की तोंड फिरवायची. तिचा दादा वाटून घेतला होता ना मी.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिकवणीहून येताना मुरमावर तिची लुना घसरली, गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पण हेही म्हणाले की प्लास्टरनंही हाड जुळेल, फक्त पुढचा व्यायाम चुकता कामा नये. ऑपरेशनचा खर्च झेपणारा नव्हता, आणि विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो, एवढंच आम्हाला ठाऊक. सासऱ्यांनी प्लास्टर निवडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "रोज वाकवायचा. रडली तरी सोडायचं नाही. आता आखडला तर जन्माचा आखडेल."

हे फक्त मी ऐकलं. फक्त मी.

सुरुवातीला वाकवला. ती किंचाळायची, मला ढकलायची. "दुश्मन हाय तू माही!" म्हणाली. मग एका दुपारी तिनं माझा हात धरला. "वयनी, आज राहू दे ना वो. कोनाले सांगू नको."

राहू दिलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या घरात असं कुणी माझ्याजवळ आलं नव्हतं — कधीच.

दुसऱ्या दिवशीही राहू दिलं. मग रोजच. दार लावून आम्ही चिवडा खायचो, नखं रंगवायचो. मध्येच ती मोठ्यानं "आई वो!" ओरडायची, बाहेर ऐकू जावं म्हणून, आणि आम्ही तोंड दाबून हसायचो. बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत, "सून लई मेहनत घेऊन राह्यली पोरीवर."

दया आली म्हणून सोडलं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. खोटं आहे. दया असती तर बाईंचं बोलणं तिला सांगितलं नसतं का? तिला वाटायचं, पाय हळूहळू आपोआप सुटेल. मला माहीत होतं. पण मला ती हवी होती — माझ्या बाजूची, माझी. त्यासाठी मी तिचा पाय जाऊ दिला. दुसरं काय म्हणू याला?

पोळा झाल्यावर तपासायला नेलं. बाईंनी गुडघा वाकवून पाहिला, वाकेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज करत होता ना?"

माझ्याआधी कुंदाच बोलली. "हो, वयनी रोज करते."

घरी येईपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं — ऑपरेशन केलं नाही म्हणून असं झालं. कुंदानंही. तेही मी राहू दिलं.

ती चालते, पाय ताठ टाकत. खाली बसता येत नाही. पाहायला आलेल्यांच्या ते लगेच ध्यानात यायचं. काही स्थळं परत गेली, मग तीच म्हणाली, आता कोनाले बोलावू नका. आज दुकान तीच सांभाळते.

काही वर्षांनी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. मी पाय चेपत होते, कुंदा खुर्चीत बसलेली. "म्या ऑपरेशन करू द्याले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "पोरीचं वाटोळं म्याच केलं."

"तुमी काऊन मनाले लावून घेता, बाबा?" कुंदा म्हणाली. "नशीब माहं. वयनीनं त किती केलं माह्यासाठी."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. सुनेला.

मी पाय चेपत राहिले.

त्याच आठवड्यात ते गेले. जाईपर्यंत तसंच समजत होते.